चौथी काठी

१

बसायचं कसं, हे संकल्पला कोणी शिकवायची गरज नव्हती. दहावीच्या गणिताला तो दोनदा बसला होता आणि दोन्ही वेळा बसलाच होता. मग त्याच्या पप्पांनी, शामरावांनी, त्याला गोपालपुऱ्याच्या एका क्लासमध्ये नेऊन बसवला. तिथं त्याने मोठ्या सरांचा आवाज काढून ऑफिसात फोन केला की आज सबकी छुट्टी, आणि भर दुपारी दोनशे पोरं रस्त्यावर आली. क्लासवाल्यांनी हात जोडले. शामराव रेल्वेतले, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आलेले, मोजकं बोलणारे. ते एवढंच म्हणाले की हे रत्न आता घरात नको, कस्तुरीच्या डोळ्यासमोर बसू दे.

कस्तुरी म्हणजे त्याची ताई. सीतापुऱ्याच्या एका फॅक्टरीत फायबरचे भाग बनवायची, आणि तीन वर्षं रविवारचे रविवार घालवून तिने एक गाडी बनवली होती. तीन चाकं, एक माणूस उताणा मावेल एवढं अंग, आणि वर दुमजली घराएवढं शीड. इंजिन नाही, पेट्रोल नाही, वारा लागला की पळते. नाव टिटवी, कारण टिटवी हवेत कमी आणि जमिनीवर जास्त पळते. ही टिटवी एकदा ताशी शंभरने पळवायची, हा एकच किडा ताईच्या डोक्यात होता.

पळवायला जागा पण तशीच लागते. सीतापुऱ्यापासून पुढं तासाभरावर एक सुकलेला तलाव होता. वीस वर्षांत त्यात पाणी नाही. तळ नुसता पांढरा, खारट, पापडासारखा कडक आणि ताटासारखा सपाट. पंधरा जूनपासून त्यावर सोलरच्या प्लेटा बसणार होत्या, म्हणजे मग टिटवी कायमची गॅरेजात. त्याआधीचे बारा दिवस ताईला परवानगी मिळाली. बारा दिवसांत हवा तसा वारा आला तर आला, नाहीतर तीन वर्षांचे रविवार पाण्यात. आणि पाणी तर तिथं नव्हतंच.

हवा तसा वारा म्हणजे नुसते नखरे. पश्चिमेचाच पाहिजे. ताशी चाळीसच्या आसपास पाहिजे, पंचेचाळीसच्या वर गेला की शीड फाटणार. वर दोन मिनिटं सलग टिकला पाहिजे. लग्नाचा मुलगा शोधायला पण लोक एवढ्या अटी घालत नाहीत, असं संकल्प म्हणाला तेव्हा ताईने त्याला टोपी फेकून मारली होती.

२

तळावर तीन काठ्या रोवलेल्या होत्या, उत्तरेकडून दक्षिणेकडं, एका ओळीत, एकमेकींपासून पाऊण किलोमीटरवर. प्रत्येकीच्या टोकाला लाल फडकं, खाली एक माणूस, त्याच्या हातात वारा मोजायचं मीटर आणि गळ्यात वॉकीटॉकी. पहिल्या काठीपाशी टिटवी, ताई आणि राघव भैया. राघव ताईच्याच फॅक्टरीतला, मूळचा नाशिकचा, सगळ्याच गोष्टींचं कारण ठाऊक असलेला. दुसऱ्या काठीला संकल्प, सोबत पाण्याच्या बाटल्यांचा थर्माकोलचा डबा. तिसऱ्या आणि शेवटच्या काठीला उत्तमकाका, पप्पांचे जुने दोस्त. तीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढलेला माणूस. तिसरीच्या पुढं अर्धा किलोमीटर जागा गाडी थांबवायला, आणि तिथं सोलरवाल्यांनी आडवा खणून ठेवलेला चर, पुरुषभर खोल.

दर दहा मिनिटांनी हजेरी व्हायची. पहिली काठी, बारा, पश्चिम. दुसरी काठी, अकरा, पश्चिम. तिसरी काठी, बारा, पश्चिम, मोकळं. हे शेवटचं मोकळं म्हणजे पुढं गुरं नाहीत, माणूस नाही, धुळीचा पडदा नाही, सगळं साफ दिसतंय. शेवटची काठी मोकळं म्हणाली तरच टिटवी सुटायची, आणि शेवटची काठी येईपर्यंत ताई शीड सोडायची नाही. शीड सोडणं म्हणजे त्याची दोरी ढिली करणं. तोच त्या गाडीचा ब्रेक. हा नियम काकांनी घातला होता आणि तो मोडायचा विचार कोणाच्या मनात येत नव्हता. फाटकवाल्यासमोर रेल्वेमंत्री पण थांबतो, असं काका म्हणायचे.

सकाळी सात ते बारा बसायचं. बारा ते तीन बांधावरच्या रिकाम्या चौकीत पडायचं. तीन ते सहा परत बसायचं. पहिल्या दिवशी वारा दहाच्या वर गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला तो सरळ साठवर. तिसऱ्या दिवशी पाच-सहावर येऊन असा मेला की फडकी बनियनसारखी लटकली. ऊन डोक्यातून उतरून टाचेतून बाहेर पडत होतं. आवाज म्हणून नाही. लांबवर एखादी टिटवी, खरी टिटवी, ओरडली तरी दचकायला व्हायचं.

अशा वेळी संकल्पसारख्या पोराने काय करावं? जे केलं ते त्याने साडेदहाच्या हजेरीला केलं. काकांचं मोकळं म्हणून झालं आणि त्याने बटण दाबलं. नाकातून, ओढत, एकही दात नसलेल्या म्हाताऱ्याचा आवाज काढला.

"चौथी काठी. सोळा. पश्चिम. मोकळं."

मग ताई खो-खो हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली होती. राघवने विचारलं की आजोबा, पाणी पाठवू का, आणि संकल्पने त्याच आवाजात सांगितलं की पाणी नको, बायको पाठव. फक्त उत्तमकाका हसले नाहीत. वॉकीवर चेष्टा नको, म्हणाले. नसलेलं स्टेशन टाइमटेबलात लिहीत नसतात.

त्या दिवशी आणि चौथ्या दिवशी मिळून संकल्पने चौथी काठी आठ-दहा वेळा केली आणि मग त्याला तिचाही कंटाळा आला.

३

पाचव्या दिवशी सकाळी नऊची हजेरी चालू होती. पहिली काठी सात. दुसरी काठी सात. तिसरी काठी सहा, मोकळं. संकल्पने बाटली उघडून तोंडाला लावली.

"चौथी काठी," गळ्यातला वॉकी म्हणाला. "अठरा. पश्चिम. मोकळं."

पाणी त्याच्या नाकात गेलं. आवाज त्याचाच होता. म्हणजे त्याने काढलेल्या म्हाताऱ्याचा. तेच ओढणं, तेच नाक.

ताई म्हणाली, संक्या, पुरे आता. तो म्हणाला मी नव्हतो. ती म्हणाली हो का. तीन काठ्यांवरची माणसं एकमेकांना मुंगीएवढी दिसायची; कोणाच्या तोंडाला वॉकी आहे आणि कोणाच्या बाटली, हे कोण बघणार? संकल्पला पहिल्यांदा वाटलं राघवने केलं. मग वाटलं काकांनीच आपली जिरवायला केलं, म्हातारी माणसं वाटतात तेवढी सरळ नसतात. हे पटलं पण. तो गालात हसला आणि बाटलीचं झाकण लावायला लागला.

तेवढ्यात काकांच्या काठीचं फडकं उठलं. मिनिटाभराने त्याच्या डोक्यावरचं उठलं. मीटरच्या वाट्या गरगरल्या. अठरा. मग लांब ताईच्या काठीचं उठलं, आणि तिन्ही एकामागून एक पडली.

दुपारपर्यंत डोक्यात एकच गोष्ट खुटखुटत राहिली. काठीवरून कोणीही बोललं की मागून खरखर यायची, माइकात वारा घुसायचाच, अगदी पाचचा असला तरी. चौथी काठी अठरा म्हणाली तेव्हा मागं खरखर नव्हती. बंद खोलीत बसून कोणी बोलावं तसा आवाज होता.

४

चौकी म्हणजे एकच खोली, तळाच्या उत्तरेला बांधावर. पूर्वेला पत्र्याचं दार, दक्षिणेला गजांची खिडकी, तिच्यातून सगळा तळ दिसायचा. भिंतींवर जुन्या पाण्याची ओल कमरेएवढी चढून वाळलेली होती. बॅटरी खाली, खिडकीच्या कट्ट्यावर वॉकी चार्जिंगला.

सहाव्या दिवशी दुपारी टिटवीचं चाक पंक्चर निघालं. बाकीचे तिघे चौकीच्या मागं सावलीत ते काढत बसले, आणि संकल्प खोलीत फरशीवर पोट टाकून पडला. फरशी तेवढी गार होती. बाहेरून राघवची बडबड, टामी आपटल्याचा आवाज, काकांचा खोकला. तिघांचे आवाज नीट वेगळे येत होते.

"चौथी काठी."

तो उठून बसला. कट्ट्यावर चार वॉकी ओळीने उभे. चारच होते त्यांच्याकडं. तीन बंद, एकाचा हिरवा दिवा चालू.

आवाज थांबला होता. आपण हजेरीत जसं समोरच्याने हं म्हणायची वाट बघतो, तसा. संकल्पने हं म्हटलं नाही.

"सव्वीस," वॉकी म्हणाला. "पश्चिम."

त्याने गजांना नाक लावून खाली बघितलं. तळ रिकामा, पांढरा, डोळे फोडणारा. धूळ नाही. तिन्ही फडकी मेलेली. बघा, खोटं बोलतोय, त्याने स्वतःला सांगितलं, आणि त्याला जरा बरं वाटलं.

मग तिसरं फडकं उठलं. पडलं. दुसरं उठलं. पडलं. पहिलं उठलं.

आता पश्चिमेचा वारा आडवा येतो. तो तिन्ही काठ्यांना एकदमच लागला पाहिजे, एवढं गणित तर दोनदा नापास झालेल्याला पण येतं. हा दक्षिणेकडून एकेक काठी करत येत होता. घाई न करता. चालत यावं तसा.

पहिलं फडकं पडलं. संकल्प मोजायला लागला, का ते त्यालाच माहीत नाही. बारा, तेरा, चौदा. तेविसाव्याला चौकीचा पत्रा वाजला. दार आत ढकललं गेलं, बोटभर, आणि तसंच राहिलं. मग हळूच परत गेलं.

मागं राघव अजून बोलतच होता. दार पूर्वेला होतं. पश्चिमेच्या वाऱ्याला ते आत ढकलायचं काही कारण नव्हतं.

५

त्याने सांगितलं. चेष्टा नाही, शप्पथ नाही, सरळ सांगितलं. ताईने त्याच्याकडं असं बघितलं, जसं क्लासचे सर बघायचे. त्याच्या सांगण्याला आता कोण विचारतं? दोनशे पोरं रस्त्यावर आणलेला माणूस तो.

पण राघवकडं कारण तयार होतं. सोलरवाल्यांचा कोणीतरी सर्वेयर तिकडं चराच्या पलीकडं बसत असणार. त्यांच्याकडं पण असलेच वॉकी, चॅनल एक झालं. याने म्हाताऱ्याचा आवाज काढलेला त्याने ऐकला, आता तो पण मजा घेतोय. राजस्थानी माणूस, भाऊ, मस्करीत आपल्याला हरवेल. आणि तो मराठी कसा बोलतो, हे संकल्पने विचारलं, तर राघव म्हणाला की चार शब्द तर आहेत, पोपट पण बोलेल.

हे कारण ताईला आवडलं. कारण सातव्या दिवसापासून चौथी काठी रोज बोलायला लागली, आणि ती बरोबर असायची. बावीस म्हणाली की पाच मिनिटांनी बावीस. दहा म्हणाली की दहा. वाऱ्याची वाट बघणाऱ्याला वारा यायच्या पाच मिनिटं आधी कळणं म्हणजे काय, हे ताईला विचारा. नवव्या दिवशी चौथी म्हणाली चौतीस, ताईने आधीच शीड चढवून ठेवलं, आणि चौतीस आला तेव्हा टिटवी त्याच्या पहिल्याच झुळकीवर सुटली. काकांच्या काठीला पोचताना एक्क्याऐंशी. याआधी सत्तरीच्या पुढं गेली नव्हती.

त्या दिवशी ताई वॉकीवर म्हणाली, "चौथी काठी, शुक्रिया भैया."

कोणी उत्तर दिलं नाही. पण संकल्पने वॉकी कानाला घट्ट लावला होता. बटण दाबल्याचा टक ऐकू आला आणि मग बराच वेळ, त्या बंद खोलीत कोणीतरी न बोलता बसून होतं.

उत्तमकाका संध्याकाळी जीपमध्ये हळूच म्हणाले की ज्याला आपण बघितलं नाही, त्याच्या झेंडीवर गाडी सोडायची नसते. राघवने त्यांना शेंगदाणे दिले आणि विषय बदलला.

६

ताईची अडचण वेगळीच होती. टिटवी वेग धरायची ती तिसऱ्या काठीजवळ, आणि तिथंच शीड सोडावं लागायचं. अजून तीनशे मीटर मिळाले असते तर शंभर होते, हे तिने जमिनीवर काडीने लिहून दाखवलं. पण मग थांबायला जागा उरत नव्हती. पुढं चर.

अकराव्या दिवशी पाचच्या हजेरीला चौथी काठी म्हणाली, "तेहतीस. पश्चिम. चर बुजवलाय." आणि मग थोडं थांबून, "तिसरीला सोडू नका. शेवटच्या काठीपर्यंत या."

जमिनीवर काडीने लिहिलेलं कोणी वॉकीवर बोललं नव्हतं.

संकल्पने हे सांगितलं तेव्हा राघव म्हणाला, सर्वेयर आहे, दुर्बीण असते त्यांच्याकडं, आणि चर बुजला का नाही हे त्याच्याहून जास्त कोणाला माहीत? काका म्हणाले उद्या सकाळी आधी जाऊन बघू, मग बोला. ताई म्हणाली हो, बघूच. तिचे डोळे मात्र काडीने लिहिलेल्या आकड्यांवर होते.

संकल्प जीपमध्ये तिच्या शेजारी बसला. नेहमीसारखं काहीतरी वाकडं बोलायचं होतं, पण आलं नाही.

"तायडे, उद्या नको जाऊस."

"उद्या शेवटचा दिवस आहे, संक्या."

"म्हणूनच."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. असं ती कधी करायची नाही. त्याला रडूच आलं असतं.

७

शेवटच्या दिवशी चर बघायला कोणी गेलं नाही, कारण वारा त्यांच्या आधी येऊन बसला होता. सातलाच अठ्ठावीस. साडेसातला पस्तीस. आकाश मळकं, धूळ जमिनीपासून गुडघाभर सरपटत चाललेली. काका जेमतेम आपल्या काठीपर्यंत पोचले. राघवने शीड चढवलं. ताई आत आडवी झाली, हेल्मेटमध्ये वॉकीचा इअरफोन कानात.

"पहिली काठी. एकोणचाळीस. पश्चिम."

"दुसरी काठी," संकल्प म्हणाला. मीटर खरंच चाळीस दाखवत होतं. खोटं सांगायचं त्याच्या मनात आलं, पण राघवच्या हातात पण मीटर होतं. "चाळीस. पश्चिम."

"तिसरी काठी. चाळीस. पश्चिम. मोकळं नाही," उत्तमकाका म्हणाले. "पुढं धूळ आहे, मला चर दिसत नाही. सोडू नका."

वॉकीत वाऱ्याची खरखर चालू राहिली. मग खरखर एकदम बंद झाली, दार लावल्यासारखी.

"चौथी काठी," म्हातारा म्हणाला. "चाळीस. पश्चिम. मोकळं."

शेवटची काठी मोकळं म्हणाली. नियम तोच होता, फक्त शेवटची काठी आता दुसरीच होती. संकल्पला हे लख्ख कळलं. नसलेलं स्टेशन त्यानेच लिहिलं होतं, आणि आता गाडी तिथपर्यंत जाणार होती.

लांब पहिल्या काठीपाशी शीड वळलं, भरलं, आणि टिटवी सुटली.

संकल्प वॉकीत ओरडला की थांब, तिकडं कोणी नाही, चर बुजलेला नाही. काकाही ओरडत होते, दोघांचे आवाज एकमेकांत अडकले. राघव म्हणाला चॅनल सोडा, तिला डिस्टर्ब करू नका. टिटवी आधी नुसतं पांढरं टोक होती, मग फडफड न करणारं ताठ शीड, मग चाकांची किंकाळी. संकल्प दोन्ही हात हलवत पुढं पळाला. ती त्याच्या बाजूने गेली तेव्हा ताईचा चेहरा क्षणभर दिसला. हसत होती.

चरापर्यंत पन्नास सेकंद. फार तर.

त्याचं ती ऐकणार नव्हती. काकांचं ऐकलं नव्हतंच. ती एकाचंच ऐकत होती.

त्याने घसा खाकरला, नाक आवळलं, आणि बटणावर बोट ठेवून थांबला. इथून बोललो तर मागं वारा ऐकू येणार. चौथीच्या मागं वारा नसतो. त्याने मागं धावत जाऊन थर्माकोलचा डबा उपडा केला, बाटल्या गडगडत गेल्या, आणि वॉकीसकट डोकं त्यात घालून गुडघ्यांवर बसला. आत अंधार, गारवा, बर्फाच्या पाण्याचा वास. वारा तुटला.

"चौथी काठी," तो नाकातून, ओढत म्हणाला. "मोकळं नाही. शीड सोड. शीड सोड, बाई."

स्वतःचा श्वास डब्यात मोठा ऐकू येत होता. तो मोजत होता. चार, पाच, सहा.

वॉकी टक वाजला.

"बरं," म्हातारा म्हणाला.

आणि ह्या वेळी त्या आवाजामागं वारा होता. भरपूर, उघड्यावरचा, माइकात घुसणारा. जे काही आत बसलं होतं, ते बाहेर आलं होतं.

८

टिटवी उभी राहिली ती चराच्या काठापासून चाळीस पावलांवर, एक चाक वर, शीड चिंध्यांसारखं फडफडत. संकल्प पळत पोचला तेव्हा ताई बाहेर येऊन उभी होती, हेल्मेट हातात. काका लंगडत येत होते. चर जसा होता तसाच होता, काळा, उघडा, सरळ आडवा. टिटवीच्या मीटरवर शहाण्णव थांबलं होतं.

ताईचे ओठ पांढरे होते. पण ती पहिलं बोलली, ते त्या म्हाताऱ्याबद्दल.

"त्या भैयाने वाचवलं रे मला. बघ ना, ऐनवेळी सांगितलं. थांब, मी त्याला भेटून येते."

चराच्या पलीकडं धूळ उभी होती, भिंतीसारखी. चराला एका टोकाला उतरायला पायवाट होती. ताई तिकडं चालायला लागली. दहा पावलं गेली. तिने हात वर करून हाक मारली, अहो भैया, आणि धुळीत कुठंतरी एक बटण टक वाजलं. वॉकीतून नाही. नुसतंच.

"तिकडं कोणी नाही," संकल्प म्हणाला.

"असेल, पलीकडं असेल."

"ताई, मीच होतो."

ती वळली.

"पहिल्यापासून मीच. फोनमध्ये वाऱ्याचं ॲप आहे, त्यात बघून सांगायचो. चर बुजवलाय पण मीच म्हटलं. तुम्हाला सगळ्यांना उल्लू बनवत होतो. मग आत्ता घाबरलो आणि थांबवलं." तळावर नेटवर्कची एक काडी येत नव्हती, हे तिला आठवू नये म्हणून तो भराभरा बोलत राहिला. "म्हातारा पण मीच आणि शेवटचं बरं पण मीच. हवं तर काढून दाखवतो."

त्याने काढून दाखवला. नाकातून, ओढत. त्याला तो आवाज तोंडात घ्यायची शिसारी येत होती.

ताई परत आली. दहा पावलं, एकेक करत. त्याला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याच्या गळ्यातला वॉकी काढला, बंद केला आणि त्याच्याकडं न बघता टिटवीचं शीड उतरवायला लागली. उत्तमकाका मात्र त्याच्याकडं बघत होते, बराच वेळ. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि धुळीकडं पाठ करून, ताईला दिसू नये असे, मध्ये उभे राहिले.

९

अकराच्या आत आवरलं. टिटवी जीपच्या टपावर बांधली, काठ्या उपटून आणल्या आणि मागच्या बाकांच्या मध्ये टाकल्या. पुढं राघव आणि ताई. मागं काका आणि संकल्प, समोरासमोर. ताई कोणाशीच बोलत नव्हती. राघव एकदा म्हणाला की शहाण्णव म्हणजे काही कमी नाही, आणि त्याचं त्यालाच ते ऐकवलं नाही.

जीप बांधावरून उतरायला लागली. संकल्पने पायाने काठ्या चाचपल्या. एक, दोन, तीन. तिन्ही होत्या. मग त्याने मागच्या काचेतून बघितलं, कारण न बघता राहवलं नाही.

तळावर एक काठी उभी होती. दुसऱ्या काठीच्या जागी, जिथं तो बारा दिवस बसला होता तिथं. टोकाला लाल फडकं. एवढ्या वाऱ्यात ते हलत नव्हतं. खाली कोणीतरी उभं होतं, एक हात डोक्याच्या वर धरून, मीटर धरतात तसा.

जीप खड्ड्यातून गेली, काच हलली. परत बघितलं तर काठी पहिल्या काठीच्या जागी होती. हात तसाच वर.

"मागं काय बघतोयस?" ताईने विचारलं. शीड उतरवल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य.

"काही नाही. धूळ."

ती मान वळवायला लागली. संकल्प सरकून काचेच्या मधोमध बसला, होता होईल तेवढा रुंद होऊन. पण समोर आरसा होता. राघवचे डोळे आरशात होते, आणि ते मोठे झालेले संकल्पला दिसले.

राघवने हात वर केला, आरसा छताकडं वळवला आणि गाडीचा वेग वाढवला.